मुलग्यांनाही वर्गात बसू द्या

सातवी-आठवीच्या मुलींना एका दुपारी सभागृहात बोलावलं जातं. डॉक्टर किंवा आरोग्यसेविका येतात, पाळीविषयी सांगतात, शेवटी पॅडचं पाकीट देतात. तेवढा वेळ मुलग्यांना पीटीच्या सरांबरोबर मैदानावर पाठवलेलं असतं. मुली बाहेर आल्या की ते विचारतात, 'काय सांगितलं गं?' 'काही नाही,' म्हणत मुली पाकीट दप्तरात खोल सारतात. शाळेच्या लेखी कार्यक्रम पार पडला. पण मुलग्यांच्या मनावर एवढंच ठसलं, की मुलींच्या शरीरात असं काहीतरी घडतं जे आपल्याला कळता कामा नये.

मुलींसाठी काही पावलं पडली आहेत. २०१८च्या महिला दिनी राज्य सरकारने अस्मिता योजना सुरू केली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत पॅडचं पाकीट देऊ केलं. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटी उठला. हे हवंच होतं. पण मुलीची स्वच्छता तिच्या एकटीच्या हातात नसते. पाळीचं कापड वापरायला काहीच हरकत नाही. ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलं की झालं. प्रत्यक्षात ते न्हाणीघराच्या कोपऱ्यात, साडीच्या किंवा परकराच्या आड वाळत घातलं जातं. ओलसर राहतं, कुबट होतं आणि तसंच पुन्हा वापरलं जातं. का? तर घरातल्या पुरुषांच्या नजरेस पडू नये म्हणून. पॅड दर चार ते सहा तासांनी बदलावा, हे मुलीला पाठ असतं. पण वर्गातली मुलं हसतील या धास्तीने ती सकाळी लावलेला पॅड संध्याकाळी घरी येऊन बदलते. मुलीला कितीही शिकवलं, तरी तिच्या भावाला, बापाला आणि बाकावरच्या मुलाला शिकवल्याशिवाय ते शिक्षण तिला वापरता येत नाही.

मे २०२३मध्ये उल्हासनगरात बारा वर्षांच्या एका मुलीला पाळी आली. कपड्यांवरचे डाग पाहून तिच्या मोठ्या भावाने तिच्या चारित्र्यावर संशय घेतला आणि तिला इतकं मारलं की ती मेली, असं पोलीस तपासात पुढे आलं. भाऊ तिशीतला होता. त्या माणसाच्या क्रूरतेला अज्ञानाचं पांघरूण घालायचं नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला पाळी येते, हे तिशीच्या माणसाच्या डोक्यात येत नाही, तेव्हा घराने आणि शाळेने त्याला काय सांगितलं होतं, हे विचारावंच लागतं.

आणि मुलग्यांच्या स्वतःच्या शरीराचं काय? मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा आणि मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वयात बदल सुरू होतात. मुलग्यांमध्ये आधी वृषणं वाढू लागतात, मग केस, उंची, आवाज. काहींच्या छातीत स्तनाग्रामागे दुखरी गाठ येते. ती बहुधा आपोआप जिरते, पण मुलगा महिनोन्‌महिने शर्ट काढायला घाबरतो. झोपेत वीर्य बाहेर पडतं आणि डाग कुणाला दिसू नये म्हणून पहाटे तो चादर भिजवून ठेवतो. हे निरोगी शरीराचं लक्षण आहे, असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे शंभर थेंब, ही थाप मात्र त्याच्यापर्यंत बरोबर पोहोचते. पुढचं शिक्षण एसटी स्टँडच्या मुतारीतल्या 'गुप्तरोगा'च्या जाहिराती देतात आणि आता हातातला मोबाइल.

स्वच्छतेचंही तेच. या वयात काखेतल्या आणि जांघेतल्या विशिष्ट घामग्रंथी नव्याने काम करू लागतात. त्या घामावर जिवाणू वाढले की वास येतो. मुलगा आळशी किंवा घाणेरडा झालेला नसतो. रोजची अंघोळ, कोरडी सुती चड्डी, शिश्नाची पुढची त्वचा सहज मागे जात असेल तर तेवढीच मागे घेऊन पाण्याने धुणं, ओढाताण न करणं, एवढं त्याला पुरतं. जांघेत नायटा झाला तर लाजेने तो औषधाच्या दुकानातून एखादी ट्यूब आणतो. तीत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज थांबते आणि नायटा पसरत जातो.

हे सगळं सांगितलं तर मुलं बिघडतील, हा आक्षेप महाराष्ट्राने फार वर्षं ऐकला आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, तेव्हाही २००७ साली विधिमंडळात गदारोळ होऊन तो थांबवला गेला. युनेस्कोने जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन २०१८मध्ये स्पष्ट सांगितलं, की अशा शिक्षणामुळे मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत. त्यासाठी युनेस्कोकडे पाहायचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी 'तारुण्यभान'च्या शिबिरांतून मुलग्यांशी आणि मुलींशी हे विषय मोकळेपणाने बोलून दाखवले आहेत.

माझ्या मते शाळेने आधी सगळ्यांना एकत्र बसवावं. दोघांच्याही शरीराची माहिती दोघांनाही द्यावी, अवयवांची नावं न अडखळता घ्यावीत. मग हवं तर मुलींचा आणि मुलग्यांचा वेगळा तास घ्यावा, कारण काही प्रश्न सर्वांदेखत विचारवत नाहीत. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला एक डबा ठेवावा. पाचवीत सुरुवात करावी. सातवी-आठवीपर्यंत थांबलं तर अनेक मुलींना पाळी आधीच येऊन गेलेली असते.

घरात हे काम आजवर आईवर सोपवून बाप मोकळा झाला आहे, आणि आईही बोलते ती मुलीशीच. वडिलांनो, घरात नऊ-दहा वर्षांचा मुलगा असेल तर आताच त्याच्याशी बोला. एका बैठकीत सगळं सांगायला नको. काखेतल्या घामापासून सुरुवात करा. आणि बहिणीच्या पाळीबद्दलही त्याला तुम्हीच सांगा.