परदेशातील डॉक्टरकी : हिशेब कोणी करायचा?



नीटचा निकाल लागला की आपल्या शहागड परिसरातील काही घरांत एकच विषय सुरू होतो. गुण पात्रतेपुरते आहेत, सरकारी महाविद्यालयात नंबर लागत नाही, खासगीची फी झेपत नाही. मग मुलाला रशिया, जॉर्जिया किंवा किरगिझस्तानला पाठवायचे का? एजंट घरी येतो, चहा होतो, आणि बोलणे मोसंबीच्या दोन एकरांना काय भाव येईल यावर येऊन ठेपते. पाठवावे की नाही, असे आम्हांलाही विचारले जाते. आम्ही हो किंवा नाही म्हणत नाही, त्याचे कारण सांगतो.

परदेशी जाऊन शिकणे मुळात वाईट नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे (आपले नगरकडचे नव्हे) त्यांनी जाहीर भाषण केले. अमेरिकेलाच का? येथे सोय नाही का? एकटीच का? समाजाने वाळीत टाकले तर? काही अनर्थ ओढवला तर? लोकांच्या मनातले हे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, हेही सांगितले. तो स्पष्टपणा आम्हां ख्रिस्ती लोकांनाही आदराचा वाटतो. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. परतल्या त्या आजारी होऊनच, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. अनर्थ ओढवलाच. तरी त्यांचा निर्णय चुकला असे आम्ही म्हणणार नाही, कारण तो डोळे उघडे ठेवून घेतलेला होता आणि त्यांचा स्वतःचा होता.

संत थॉमस अक्वायनस विवेकाच्या तीन क्रिया सांगतात : सल्लामसलत, निवाडा आणि ठरले ते अमलात आणणे. आपल्याकडे पहिली एजंटवर सोडली जाते, दुसरी वडील करतात आणि तिसरी मुलाच्या गळ्यात पडते.

एजंट काय सांगत नाही? २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत वर्षभराची इंटर्नशिप हवी, आणि त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टरकी करता आली पाहिजे. परतल्यावर परीक्षा आहे. तीनशेपैकी दीडशे गुण लागतात आणि बसणाऱ्यांपैकी बहुतेक जण नापास होतात. उत्तीर्ण झाल्यावर येथे पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो विद्यार्थ्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले, त्यांना आपल्या महाविद्यालयांत सामावून घेतले गेले नाही. युद्ध कोणाच्या हातात नसते हे खरे. बाकीचे मात्र आधी विचारता येते.

दुसरी बाजूही खरी आहे. तेथून शिकून आलेले कितीतरी जण आज चांगले डॉक्टर आहेत. गरिबाच्या मुलाने डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहूच नये, असे सांगणारे आम्ही कोण?

आम्हांला खरी काळजी कर्जाची आहे. आपण म्हणतो, शिकून ये आणि आपल्या लोकांची सेवा कर. साधा ताप वाढला तरी येथील माणूस जालना किंवा बीडची वाट धरतो, तेव्हा ही अपेक्षा रास्तच आहे. पण जमीन विकून आणि वर कर्ज काढून ज्याला पाठवले, तो गोदाकाठच्या खेड्यात कमी फीवर कसा बसेल? त्याने कोठे बसायचे हे आपणच, तो अठरा वर्षांचा असताना, ठरवून टाकलेले असते. आणि पुढे तो शहरात गेला की त्यालाच लोभी म्हणतो. हा न्याय नव्हे.

शिवाय मुलाला वा मुलीला एकांतात विचारले आहे का? जमिनीचा सौदा झाल्यावर कोणते लेकरू ‘मला नको’ म्हणेल? म्हणून विसार घेण्याआधी विचारावे, आणि ‘नको’ म्हटल्यास कोणी रागावणार नाही अशा तऱ्हेने विचारावे. २०२४ मध्ये जालन्यातच शंभर जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. एक वर्ष थांबून पुन्हा नीट देणे जमेल का, तेही बोलावे. नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळेचे काम यांना कमी लेखू नये.

ज्यांच्या घरी हा विचार चालू आहे, त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर थांबावे. एजंटने दिलेले कागद सोबत आणावेत, आणि लेकरालाही आणावे.