दुरून दर्शन

घोटावड्याहून सायकलीने भिगवणला जाणाऱ्यास मुळेचे पाणी पुन्हा भेटते. मुळा मुठेसह भीमेस मिळते. भीमा उजनी धरणाने १९८० साली अडली नि येथे उथळ पसरली. (त्या पाण्याखाली गावे गेली, हेही ध्यानी असावे.) हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, चोच उलटी बुडवून चिखलातले भक्ष्य गाळून खातात.

सायकलीला धूर नाही, आवाज नाही. मग अगदी जवळ नेली तर बिघडले काय? थवा उडतो. आपल्याला दर्शन घडते, त्यांचा घास मोडतो. प्रेमाने गेलो, हे उत्तर पुरत नाही. पायांवर डोके ठेवता आले नाही, तर आपण कळसाला हात जोडून परततोच ना? मग इथेच हट्ट कां? सायकल बांधाला टेकावी, उभे राहावे. पाणी पुढे पंढरीलाच जायचे आहे.