नाव कुठवर द्यावं

डोंगरगड सोडलं की नागपूरकडे येणारी गाडी दाट जंगलात शिरते, बोगद्यातून जाते आणि मग दरेकसा येतं. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातलं हे लहानसं स्टेशन. लोक इथे उतरतात ते पावसाळ्यात हाजरा फॉल पाहायला, नाहीतर माघ पौर्णिमेच्या सुमारास कचारगडच्या गुहेकडे जायला. त्या दिवसांत दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाज आपल्या दैवतांच्या दर्शनाला इथे लोटतो. मध्य भारतातल्या या पानझडी रानात आणखी एक वस्ती आहे. ती पाहायची तर बुंध्यापाशी थांबावं लागतं, पानं उलटावी लागतात. ही वस्ती कोळ्यांची.

बुंध्यावरचा हर्सिलियाच घ्या. सालीसारखाच करडा, सालीसारखाच चपटा, पाय पसरून तिला चिकटलेला. तो हलेपर्यंत नजर त्याच्यावरून खुशाल पुढे जाते. पोटाच्या टोकाशी शेपटीसारख्या दोन लांब तंतुनलिका असतात. एखादी मुंगी टप्प्यात आली की तो तिच्याभोवती गरगर फिरतो आणि त्या नलिकांतून सुटणारं रेशीम तिला जागच्या जागी सालीला जखडून टाकतं. त्या दोन नलिका फोटोत दिसल्या की नवखा माणूससुद्धा सांगतो, हा हर्सिलिया. पण हर्सिलिया हे झालं जीनस. स्पीशीज, म्हणजे जात, कोणती, असं विचारलं की फोटो बहुतेक वेळा गप्प बसतो.

याचं कारण कोळ्याच्या शरीरातच आहे. एका जीनसमधल्या जवळच्या जातींतला फरक रंगात किंवा नक्षीत असेलच असं नाही. नराच्या तोंडाजवळचे पाल्प आणि मादीच्या पोटाखालचं एपिगाइन, या जननेंद्रियांच्या घडणीत तो खात्रीने सापडतो, आणि ती घडण सूक्ष्मदर्शकाखालीच नीट दिसते. पिल्लांमध्ये तर हे अवयव पुरते तयारही झालेले नसतात. त्यामुळे उत्तम कॅमेरा, उत्तम प्रकाश, धारदार फोटो, सगळं असूनही जातीचं नाव हाती लागत नाही.

न्यायसूत्रांत जुना वाद आहे. ‘गाय’ म्हटल्यावर नेमकं काय कळतं? समोरची एक गाय, तिची आकृती, की गाईंची जाती? गौतमाने निकाल दिला तो तिन्हींच्या बाजूने. कोळ्याच्या फोटोत यातल्या दोन गोष्टी मिळतात, ती एक व्यक्ती आणि तिची आकृती. जाती मात्र अनुमानाने ठरवायची, आणि हेतूला, म्हणजे हाती असलेल्या पुराव्याला, पेलेल तेवढंच अनुमान खरं. हौशी अभ्यासकाची पारख मला इथे होते. किती लॅटिन नावं त्याला पाठ आहेत यापेक्षा पुरावा संपतो तिथे तो थांबतो का, हे मी पाहतो.

ही शिस्त डोळ्यांपासून सुरू होते, म्हणजे कोळ्याच्या डोळ्यांपासून. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांच्या मांडणीवरून कुळ ओळखता येतं. लांडगा-कोळ्याला खाली चार बारीक, त्यांच्यावर दोन मोठे आणि मागे आणखी दोन. उड्या मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे थेट तुमच्याकडे वळतात. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांच्या रांगेत कधी एखादी मुंगी किंचित वेगळी चालते. फोटो मोठा करून पाय मोजले तर आठ भरतात! पुढचे दोन पाय मुंगीच्या मिशांसारखे उचलून धरलेला तो मिरमाप्लाटा असतो. नुसत्या डोळ्यांनी हुकलेली गोष्ट फोटोने पकडली, हे त्याचं देणंही मान्य केलं पाहिजे.

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणती लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून करतात. त्याला अपवाद कोळ्यांचा. स्वीडनच्या कार्ल क्लर्कने 1757 मध्ये दिलेली त्यांची नावं आजही ग्राह्य धरतात. आपल्याकडे भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या बी. के. टिकादार यांनी या विषयाला आयुष्य वाहिलं. 1987 चा त्यांचा भारतीय कोळ्यांवरचा ग्रंथ अजून अभ्यासकांच्या टेबलावर असतो. 2021 मध्ये ठाणे परिसरातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला शहीद तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ आयसियस तुकारामी हे नाव मिळालं. जगातल्या ज्ञात जातींनी 2022 मध्ये पन्नास हजारांचा आकडा ओलांडला. अशी नावं नमुना तपासून, त्याचं वर्णन छापून आणि तो जपून ठेवूनच पक्की होतात.

मग हौशी माणसाच्या फोटोला किंमत काय? मला ती फार मोठी वाटते. बाटलीतल्या नमुन्यात कोळ्याचं शरीर उरतं, त्याचं वागणं उरत नाही. मुंडकोपनिषदाने ब्रह्मापासून विश्व कसं होतं हे सांगायला कोळ्याचाच दाखला घेतला: तो तंतू बाहेर काढतो आणि परत आत घेतो. निओस्कोना या जीनसमधले अनेक कोळी संध्याकाळी जाळं विणतात आणि पहाटेआधी ते गुंडाळून खाऊन टाकतात. ज्या कुणी हा दाखला पहिल्यांदा दिला, त्याने एखादी रात्र जाळ्यासमोर काढली असणार, असं मला मनापासून वाटतं. तशी रात्र काढणारा माणूस आजही हौशीच असतो, आणि त्याच्या फोटोसोबत तारीख, वेळ आणि पुष्कळदा ठिकाणही नोंदलं जातं.

तेव्हा दरेकसाच्या रानात गेलात तर कोळ्याचा फोटो समोरून घ्या, वरून घ्या, जमलं तर खालूनही घ्या. जाळं, झाड, तारीख आणि गाव टिपून ठेवा. मोठ्या टॅरंटुलाच्या ढोलीची नेमकी जागा मात्र जाहीर करू नका, त्यांचा चोरटा व्यापार चालतो. कुळ कळलं तर कुळ लिहा, जीनस कळलं तर जीनस, आणि जातीची जागा खुशाल रिकामी सोडा. उद्या सूक्ष्मदर्शक घेऊन कुणी तिथे गेलं, तर कुठे आणि कोणत्या महिन्यात शोधायचं हे त्याला तुमच्या नोंदीवरूनच कळेल.