विहार म्हणजे चालणं

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १७



ज्याचा आहार, विहार, काम, झोप आणि जागणं मापात आहे, त्याचा योग दुःख घालवणारा होतो, असं भगवंत आजच्या श्लोकात सांगतात. यातल्या आहारावर आपण भरपूर ऐकतो. ‘विहार’ मात्र सहलीसारखं काहीतरी समजून पुढे जातो. मीही जायचो. पण आदि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात विहाराचा अर्थ दिलाय ‘पादक्रम’, म्हणजे चालणं. दुःख घालवणाऱ्या योगात देवाने चालणंही धरलंय!

मला हे फार उशिरा उमगलं. काही वर्षांपूर्वी मला डिप्रेशन आलं होतं. काम घरूनच. लॅपटॉप पलंगावर, जेवण पलंगावर, अंघोळ दुपारी तीनला. माळ हातात घेतली तरी चार मणी पुढे सरकायचे नाहीत. सगळ्यात जास्त लाज याची वाटायची, की रोज गीता वाचणाऱ्याला असं कसं झालं? आपली भक्तीच कच्ची.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास चालायला सांगितलं. गोळ्या घेत होतो, पण चपला घालायच्या विचारानेच थकायला व्हायचं. आईने एकदाही “व्यायाम कर” म्हटलं नाही. संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहायची. “दूध आणायचंय. चल रे, मला एकटीला कंटाळा येतो.” डेअरी सात मिनिटांवर. ती बोलायची, मी गप्प. पंधरा-वीस दिवसांनी परत येताना मीच म्हणालो, “आई, चौकापर्यंत जाऊन येऊ या का?” त्या रात्री बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागली.

नंतर पहिला अध्याय पुन्हा उघडला. अर्जुनाचा विषाद शरीरात कसा उतरलाय बघा. हातपाय गळाले, तोंड कोरडं पडलं, अंग कापायला लागलं, धनुष्य हातातून सुटायला लागलं, उभंही राहवेना. आणि हे कोणाला? ज्याच्या रथावर साक्षात कृष्ण बसलाय त्याला! मग विषाद म्हणजे भक्ती कमी, असं कसं म्हणायचं? देव त्याला ऊठ म्हणतात. तो लगेच उठत नाही, लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. पण देव लगाम टाकून निघून जात नाहीत. त्याच्याजवळ थांबतात, त्याच्याशी बोलत राहतात.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा १९९९ सालचा एक अभ्यास आहे. डिप्रेशन असलेल्या, पन्नास आणि त्यापुढच्या वयाच्या १५६ जणांपैकी काहींना औषध दिलं, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना दोन्ही. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांतली सुधारणा जवळपास सारखी होती. पण औषधाचा गुण आधी दिसायला लागला होता. म्हणून कुणीही हे वाचून गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारूनच काय ते करा. गोळीने मला दारापर्यंत आणलं, पुढे पाय चालले.

आणि श्लोकातलं ‘युक्त’ विसरू नका. मी जरा बरं वाटल्यावर एका रविवारी जोशात टेकडीच्या दोन फेऱ्या मारल्या आणि पुढचे तीन दिवस झोपून काढले! मापात म्हणजे उद्याही जमेल एवढंच. मन तयार व्हायची वाट बघत बसू नका. बऱ्याचदा आधी पाय निघतात, मन मागून येतं.

आजचा संकल्प : स्वतः खचला असाल तर फक्त सात मिनिटं, नाम घेत किंवा गप्प, जसं जमेल तसं चाला. घरात कुणी खचलं असेल तर त्याला उपदेश करू नका. पिशवी घ्या, दारात उभे राहा आणि “चल” म्हणा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥