निवृत्त गृहस्थ आणि समुद्रवास

नोकरीतून मोकळे होण्यास मराठीत निवृत्ती म्हणतात आणि विषयांपासून मन मागे फिरण्यासही निवृत्तीच म्हणतात. एकाच शब्दात हे दोन अर्थ नांदत असल्यामुळे पुष्कळ सज्जनांची फसगत होते. पहिली निवृत्ती ठरल्या तारखेस कचेरीच्या हुकुमाने येते. दुसरीला कोणाचा हुकूम चालत नाही. तरी पहिली मिळाली म्हणजे दुसरीही पदरात पडली, अशा समजुतीने मनुष्य उरलेल्या आयुष्याचा बेत आखू लागतो.

चेन्नईतील नुंगंबाक्कम भागात राहणाऱ्या एका मराठी दांपत्याची कल्पना करावी. पतीची पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत गेली. मुलगा परदेशी, मुलगी पुण्यास, घरी दोघेच. 2022 च्या जूनमध्ये चेन्नई बंदरातून पर्यटनाचे मोठे जहाज सुटू लागले आणि पुढील वर्षी ते श्रीलंकेपर्यंत जाऊ लागले. त्या चार-पाच दिवसांच्या सफरीने या गृहस्थांच्या मनात समुद्राची ओढ उत्पन्न झाली. मग त्यांनी अधिक माहिती मिळविली. चार-चार महिने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जहाजे आहेत. ‘द वर्ल्ड’ नावाच्या जहाजावर तर 2002 पासून लोक स्वतःचे घर घेऊन राहतात. 2024 च्या सप्टेंबरात बेलफास्टहून निघालेले एक जहाज काही वर्षांच्या भ्रमंतीसाठीच निघाले. गृहस्थांनी पत्नीस सांगितले, “घर नको, भांडी नकोत, बाजारहाट नको. आजच्या काळातला वानप्रस्थ हाच.”

या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. समुद्रात काही पाप नाही. बौधायन धर्मसूत्राने समुद्रयानाची गणना पतनीय कर्मांत केली, हे खरे. परंतु याच पूर्वकिनाऱ्यावरील चोळांचे आरमार 1025 च्या सुमारास श्रीविजयापर्यंत गेले, हेही तितकेच खरे. ज्याने आयुष्यभर कुटुंबाचा भार वाहिला, त्याने उतारवयात जग पाहिले तर त्याला दोष कोणी द्यावा? एकाकी वृद्धांना तेथे सोबतही मिळते.

मात्र तेथील दिनक्रम बारकाईने पाहावा. पहाटे डेकवर फेऱ्या, मग फराळ, मग एखादे व्याख्यान किंवा पत्त्यांचा डाव, दुपारचे भोजन, वामकुक्षी, चहा, सायंकाळी गायन, पुन्हा भोजन. मनुष्य बाहेर गेला असता अंथरूण झाडले जाते, टॉवेल बदलले जातात. जहाज पश्चिमेकडे जात असल्यास दर पंधरा रेखांशांमागे घड्याळ एक तास मागे घेतात, आणि प्रशांत महासागरातील वाररेषा ओलांडताना दिनदर्शिकेतील एक वार समूळ गळतो. येथे श्रद्धाळू गृहिणीस शंका येईल की, त्या दिवशी एकादशी असली तर? भिण्याचे कारण नाही. तिथी सूर्य-चंद्रांच्या अंतरावर ठरते, जहाजाच्या घड्याळावर नव्हे. मात्र चेन्नईचा सूर्योदय धरून केलेले पंचांग तेथे उपयोगी पडणार नाही.

या सर्व दिवसात प्रवाशाकडून कोणास काहीही हवे नसते, ही त्यातील खरी गोष्ट. आणि त्याचे हे कर्मरहित स्वास्थ्य दुसऱ्यांच्या कर्मावर उभे असते. खालच्या मजल्यांवर शेकडो माणसे राबत असतात. त्यांत गोव्याचे आणि कोकणातलेही तरुण असतात. घरी म्हातारी आई किंवा तान्हे मूल ठेवून ते महिनोन्महिने पाण्यावर असतात. 2006 च्या सागरी श्रम-कराराने त्यांना चोवीस तासांत निदान 10 तास विश्रांती दिली पाहिजे असे ठरविले. यावरून उरलेल्या तासांचा अंदाज करावा. फार लांब जावयास नको. या गृहस्थांच्या घराजवळच 1792 मध्ये वेधशाळा उभी राहिली, आणि तेथील वेधांचा एक हेतू नौकानयनास साहाय्य हाच होता. त्या काळचा ग्रॅनाइटचा स्तंभ कॉलेज रोडवरील हवामान केंद्राच्या आवारात आजही आहे. वादळाच्या रात्री तेथील कर्मचारी जागतात. त्यांच्या इशाऱ्यावर बंगालच्या उपसागरातील नावाडी आपला मार्ग ठरवितात. सकाळच्या फेरफटक्यात गृहस्थ रोज त्या फाटकावरून जातात. हा विचार त्यांना कधी सुचला नव्हता.

बाराव्या अध्यायात भगवंतांनी प्रिय भक्ताच्या लक्षणांत अनिकेत हे लक्षण सांगितले आहे. घर सोडले की हे लक्षण आले, असा अर्थ करणे सोपे आहे. पण केबिनची खिडकी समुद्राच्या बाजूस नाही म्हणून ज्याचा दिवस कडू होतो, चहा कोमट आला म्हणून जो नोकरावर डाफरतो, त्याने घर सोडलेले नसते. ते बरोबर आणलेले असते. दुसऱ्या अध्यायात इंद्रियांमागे धावणाऱ्या मनाने बुद्धी कशी ओढली जाते हे सांगताना वाऱ्याने भरकटणाऱ्या नावेचाच दृष्टांत आहे, आणि पुढे नद्या येऊन मिळाल्या तरी मर्यादा न सोडणाऱ्या समुद्राचाही. दोन्ही दृष्टांत जहाजावर बसून वाचण्यासारखे आहेत.

लोकमान्य टिळकांनाही एकदा समुद्र ओलांडावा लागला. तो मंडालेच्या तुरुंगाकडे. तेथे त्यांना कोणी कर्तव्य नेमून दिले नव्हते. मोकळीक म्हणावी तर ती सक्तीची. 1910-11 च्या हिवाळ्यात त्याच खोलीत शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून झाले, आणि ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी कर्म सुटत नाही, हे त्यांनी त्यात प्रतिपादिले. प्रत्येकाने ग्रंथ लिहावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु जहाजावरील निवृत्त शिक्षकाने सोबतच्या तरुण कामगारास रोज अर्धा तास शिकविले, किंवा त्याचे गाव कोणते, घरी कोण आहे, एवढे आस्थेने विचारले, तरी त्याचा समुद्रवास निराळा होईल.

नुंगंबाक्कमच्या त्या गृहिणीने पतीचे सर्व बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “अहो, जायचे तर जाऊ. मलाही समुद्र पाहायचा आहे. पण परतीची तारीख आधी सांगा.”

“परत येण्याची घाई कशाला?”

“शेजारच्या पाट्टींना दिसत नाही. त्यांच्या सकाळच्या गोळ्या मी मोजून देते. तितके दिवस ते कोण करील, हे आधी ठरवायला हवे.”