‘सविनय’ आणि ‘नागरी’

‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ आणि ‘सिव्हिल डिसओबिडियन्स’ या इंग्रजी संज्ञा पुष्कळदा समानार्थी मानल्या जातात. गांधींना पहिली अपुरी वाटली: ती दुर्बलांचे शस्त्र सूचित करते आणि मनातील द्वेषाला मज्जाव करीत नाही. दुसरीतील पेच ‘सिव्हिल’ या विशेषणात आहे. थोरोच्या १८४९मधील निबंधाच्या मूळ शीर्षकात ते शासनाला लागते. त्याच्या मृत्यूनंतर, १८६६मध्ये बदललेल्या शीर्षकात ते अवज्ञेला जोडले गेले. नागरिकत्व आणि सभ्यता हे दोन्ही अर्थ इंग्रजीत एकत्र नांदतात. मराठीने ‘सविनय कायदेभंग’ म्हणताना दुसरा स्वीकारला. पहिला मागे राहिला.

ही केवळ अनुवादातील हानी नव्हे. १९४०मध्ये गांधींनी सेवाग्रामहून वैयक्तिक सत्याग्रह योजला आणि १७ ऑक्टोबरला जवळच्याच पवनार येथे विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून त्याचा आरंभ केला. परकीय राजवटीत त्यांच्यापाशी नागरिकाचा हक्क नव्हता, विनय होता. विनय म्हणजे नम्रता तशीच शिस्तही. शिक्षा स्वेच्छेने पत्करणे त्यातच येते. त्या काळापुरता मराठी शब्द मूळ संज्ञेहून अधिक सत्य होता.

१९५०च्या संविधानाने मात्र प्रजेचे नागरिक केले. आता विरोधकाकडून केवळ विनयाची अपेक्षा धरणे म्हणजे त्याचा हक्क सत्तेच्या मर्जीवर सोपविणे होय. उलट विनय सोडून उरलेला हक्क प्रतिपक्षातील माणूस विसरतो. दोहोंना सामावणारा शब्द मराठीला अद्याप घडवायचा आहे. तोवर ‘सविनय’ उच्चारताना ‘नागरी’चे स्मरण ठेवणे हे वाचकाचे नैतिक दायित्व ठरते.