एकदाच लिहिलेल्या ॲपचं बिल

११ जून २००७. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ॲपलच्या परिषदेत स्टीव्ह जॉब्सने आयफोनसाठी ॲप कसं करायचं ते डेव्हलपर मंडळींना सांगितलं: वेबपान लिहा, ते सफारीत चालेल. वेगळी साधनं शिकायला नकोत, काही नको. मंडळींना हे पचलं नाही. वेबपानाला ना फोनचा कॅमेरा वापरता येत होता, ना संपर्कयादी. वर्षभरातच कंपनीने पवित्रा बदलला. मार्च २००८ मध्ये ॲप लिहिण्याची साधनं आली, जुलैत ॲप स्टोअर उघडलं.

एकदाच लिहून सगळीकडे चालवण्याचं मूळ स्वप्न त्याहून जुनं. १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ असं म्हणत जावा बाजारात आणली. ‘एकदा लिहा, सगळीकडे चुका शोधत बसा’ ही प्रोग्रामर लोकांची कुजबुज तेव्हाचीच. ॲप स्टोअरनंतर मात्र ही गरज गळ्याशी आली. आयफोनला ऑब्जेक्टिव्ह-सी, अँड्रॉइडला जावा. म्हणजे एकच ॲप दोनदा लिहायचं आणि दोनदा सांभाळायचं.

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या नितोबी या छोट्या कंपनीने २००८ मध्ये यावर तोड काढली, ती म्हणजे फोनगॅप. बाहेरून साधं ॲप, आत पत्त्याची पट्टी काढून टाकलेला ब्राउझर, आणि दोहोंमध्ये एक पूल. जावास्क्रिप्टने पुलापलीकडे हाक मारायची, कॅमेरा उघडायचा, फोटो परत आणायचा. २०११ मध्ये ॲडोबीने नितोबी विकत घेतली, कोड अपाची संस्थेकडे गेला आणि त्याला नाव मिळालं कॉर्डोव्हा. नितोबीचं कार्यालय ज्या रस्त्यावर होतं, त्या रस्त्याचं. फोनगॅपची गरजच उरू नये हे फोनगॅपचं ध्येय, असं तिचे कर्ते उघड सांगत. ब्राउझरनेच एक दिवस ही कामं करावीत, ही त्यांची अपेक्षा. स्वतःच्या उत्पादनाबद्दल इतकं प्रांजळ बोलणारे या धंद्यात विरळाच.

पहिला मोठा तडाखा फेसबुकला बसला. त्यांचं मोबाइल ॲप बरंचसं वेबपानांवर उभं होतं आणि बातम्यांची यादी वर सरकवताना अडखळायचं. २०१२ मध्ये ते नव्याने लिहावं लागलं. एचटीएमएल५ वर फार मोठी मदार ठेवली ही आपली मोठीच चूक, असं मार्क झुकरबर्गने त्या सप्टेंबरात जाहीरपणे मान्य केलं. गंमत म्हणजे याच कंपनीने २०१५ मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणलं. भाषा जावास्क्रिप्टच ठेवली, पण पडद्यावरची बटणं आणि याद्या फोनच्या स्वतःच्या. वेबमधला नेमका कोणता भाग ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे तिथे नीट वेगळं झालं.

संगणकावर उलट घडलं. ॲटम हा कोड-संपादक करताना २०१३ मध्ये गिटहबने क्रोमियम हा ब्राउझर आणि ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड एकत्र बांधले. ही जोडीच पुढे इलेक्ट्रॉन झाली. ॲटम २०२२ मध्ये बंद पडला, पण त्याचा पाया टिकला. व्हीएस कोड आणि स्लॅक त्यावरच उभे राहिले. मात्र असं प्रत्येक ॲप आपला अख्खा ब्राउझर सोबत घेऊन येतं. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आपापली विहीर खणावी, तसा प्रकार. टास्क मॅनेजर उघडला की एकाच ॲपच्या नावाखाली प्रक्रियांची रांग दिसते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत गंभीर त्रुटी सापडली. क्रोमची दुरुस्ती लगेच आली, पण तेवढ्याने इलेक्ट्रॉनची ॲप्स सुरक्षित होणार नव्हती. प्रत्येकाला आपापली नवी आवृत्ती काढावी लागली.

म्हणजे वेब मुळातच जड आहे का? जिओफोनकडे पाहिलं तर नाही म्हणावं लागतं. २०१७ मध्ये आलेल्या त्या फोनला रॅम होती ५१२ एमबी. त्यातली कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसमधून निघालेली, आणि तिची ॲप्स एचटीएमएल-जावास्क्रिप्टचीच. पुढच्या वर्षी त्यावर व्हॉट्सॲपही आलं. तिथे इंजिन एकच होतं आणि सगळी ॲप्स ते वाटून घेत होती. भार वेबचा नसतो, त्याच्या प्रतींचा असतो.

२०२२ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेलं टाउरी हेच धोरण संगणकावर आणतं. ते ब्राउझर सोबत देत नाही, प्रणालीत असलेलाच वापरतं. त्यामुळे ॲप अगदी आटोपशीर होतं. पण विंडोजवर क्रोमियमच्या घराण्याचा वेबव्ह्यू, मॅकवर वेबकिट, लिनक्सवर वेबकिटचीच वेगळी आवृत्ती. म्हणून तपासणी पुन्हा तीन ठिकाणी. डेव्हलपरचे वाचलेले कष्ट इलेक्ट्रॉन वापरणाऱ्याच्या रॅममधून वसूल करतो. टाउरी त्यातले थोडे डेव्हलपरला परत करतं.

दुकानाची ऑर्डरवही किंवा शाळेचं हजेरीपत्रक करायचं असेल, तर आजही वेबपासून सुरुवात करणंच शहाणपणाचं. फक्त ते ॲप स्वतःच्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर पाहून खूश होऊ नका. ज्याच्यासाठी ते लिहिलंय, त्याच्या जुन्या फोनवर आठवडाभर वापरून बघा.